लोबो अखेर लंगडला

मागच्या वेळी लिहिलं होतं की लोबो पडद्यावर चावी दिलेल्या खेळण्यासारखा पळतोय. ते दुखणं निस्तरलं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: 'क्लॅश ऑफ द वुल्व्ह्ज', १९२५ चा मूकपट. लांडग्यांचा म्होरक्या लोबो म्हणजे रिन टिन टिन, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ली डंकन या अमेरिकन सैनिकाला सापडलेलं पिल्लू. माझ्याकडे १६ एमएमचं ४०० फुटांचं एकच रीळ आहे, पण पंजात निवडुंगाचा काटा रुतण्याचा प्रसंग नेमका त्यातच.

माझा प्रोजेक्टर बोलपटांचा, सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), वेग बदलायची सोय नाही. मूकपट त्याहून सावकाश घेतलेला, म्हणून लोबो भरभर पळायचा. त्या काळी कॅमेरा बहुधा हाताने फिरवत, वेग एकसारखा नसे. मला सेकंदाला १८ चौकटींना लोबोची चाल पटली. मोटरची पुली (बेल्ट फिरवणारं चाक) २४ मिमीची, म्हणजे १८ ची हवी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लेथवाल्या अण्णांना अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा दिला. घाई करायला लागलो तर म्हणाले, "निधान, निधान," म्हणजे कन्नडमध्ये सावकाश. चहा संपायच्या आत पुली हातात. पंखा मोटरच्याच शाफ्टवर असल्यामुळे दिव्याचं वारं तेवढंच राहिलं, हे नशीब.

बेल्ट मात्र जुनाच ठेवला, आणि तिथंच माती खाल्ली. पुली लहान, बेल्ट सैल. तो घसरला, फिल्म गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीत थांबली आणि उष्णतेने चौकटीवर तपकिरी फोड आला. स्विच बंद करेपर्यंत दोन चौकटी गेल्या. त्या कापून फिल्म टेपने जोडली. आखूड बेल्ट आधी आणायला काय झालं होतं मला!

रविवारी शहापूरच्या घरी भिंतीवर चादर लावली. अकरा मिनिटांचं रीळ आता पंधरा मिनिटं चालतं. लोबो पुढचा पाय टेकवतो, दचकतो, उचलून धरतो. आधी हे दिसतच नव्हतं. काकू म्हणाल्या, "अगं बाई, लंगडालंय की रे ते!" मामांना मात्र त्याचं पळणं मुधोळच्या कुत्र्यापुढं काहीच वाटलं नाही. मामांपुढं कोण बोलणार.

आता उरलंय ते लुकलुकणं. शटरला, म्हणजे उजेड अडवणाऱ्या फिरत्या चकतीला, दोनच पाती; सेकंदाला १८ गुणिले २ म्हणजे ३६ वेळा उजेड, डोळ्याला खुपतो. तिसरं पातं लावलं तर ५४, पण उजेड कमी होणार आणि चकती तोलात बसवावी लागणार. पत्रा आणलाय. अण्णांकडे पुन्हा जायचं, पण या खेपेला बेल्ट खिशात घेऊन.