सेंटर फॉरवर्डची जागा

'शाळेने मला काय दिलं' या विषयावर लिहा, असा निरोप स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून आला. शिस्त, संस्कार, वाचनाची गोडी यांवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आमच्या १९९४ च्या दहावीच्या तुकडीत डझनभर निघतील. मला शाळेने फुटबॉल संघात सेंटर फॉरवर्डची, म्हणजे मधोमध सगळ्यात पुढे राहून गोल करणाऱ्याची, जागा दिली आणि दहावी होईपर्यंत ती कुणाला हिसकावू दिली नाही. म्हणून मी फॉरवर्डबद्दलच लिहिणार. त्यात माझ्याबद्दल थोडं आणि भारताचा फॉरवर्ड आणि अनेक वर्षांचा कर्णधार सुनील छेत्री याच्याबद्दल जास्त येईल. छेत्री आपल्या शाळेचा नाही, कोल्हापूरचाही नाही. पण पी. टी.च्या सरांनी आम्हाला जे शिकवलं ते जन्मभर करत राहिलेला एकच माणूस मी पाहिला, तो हा.

बाहेरगावी वाढलेल्या नातवंडांच्या हाती ही स्मरणिका पडली तर त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ आहेत. मॅच शाहू स्टेडियमवर आणि तिचा निकाल रात्रभर पेठेत. शिवाजी पेठ हरली तर मंगळवार पेठेत दिवाळी, आणि उलटही तसंच. अशा गावात शाळेच्या संघात कुणाला कुठे खेळवायचं यावर पालकांपासून पानपट्टीवाल्यापर्यंत सगळ्यांचं मत असायचं. माझ्याबद्दलचं मत एकमुखी होतं : "हे बारकं पोरगं फॉरवर्डला कशाला? कडेला, विंगला घाला की!"

पी. टी.च्या सरांनी घातलं नाही. त्यांनी क्रॉसबारला दोरीने चेंडू टांगला. चामड्याचा जुना चेंडू, पावसात भिजला की दगड. त्याला ते खडूची पूड फासायचे आणि झोका द्यायचे. आपण 'डी'च्या बाहेरून पळत यायचं आणि हेड मारायचा. मग सर जवळ बोलावून कपाळ बघायचे. पांढरा ठसा दोन भुवयांच्या वर, केसांच्या खाली उमटला असेल तर 'हं'. टाळूवर असेल तर, "डोकं काय केसं वाढवायला दिलंय व्हय? डोळं उघडं ठेव." खरी मेख मात्र ठशात नव्हती, निघण्यात होती. चेंडू आपल्याकडे येताना दिसला की प्रत्येकजण पळतो, आणि पोचतो तेव्हा झोका परत गेलेला असतो. चेंडू लांब जात असतानाच निघायचं, म्हणजे तो परत येईल तेव्हा आपण तिथे असतो. "मला उडी मारणारा उंट नको, वेळेवर येणारा पोस्टमन पाहिजे," हे त्यांचं वाक्य आमच्या तुकडीतल्या फुटबॉल न खेळणाऱ्यांनाही पाठ आहे. मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात कपाळावर खडू घेऊनच बसायचो. इतिहासाच्या बाई म्हणायच्या, "आज देवळात जाऊन आलास वाटतं."

आता छेत्री. उंची पाच फूट सात इंच, म्हणजे समोरच्या कुठल्याही स्टॉपरच्या, मधल्या बचावपटूच्या, खांद्याशी. तरीही त्याने हेडरवर एवढे गोल केले की नवख्या माणसाला कोडं पडावं. १६ ऑक्टोबर २०२१ ला मालेमध्ये दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेची फायनल होती, समोर नेपाळ. दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच प्रीतम कोटालने उजवीकडून क्रॉस टाकला, आणि छेत्रीने तो डोक्याने आत घातला. त्याचा देशासाठीचा हा ऐंशीवा गोल. तेव्हा मेस्सीचेही तेवढेच होते. असे गोल पाहताना क्रॉस मारणाऱ्याकडे बघू नका, क्रॉसच्या आधीचे दोन सेकंद छेत्रीकडे बघा. तो आधी बचाव करणाऱ्या बॅकच्या पाठीमागे सरकतो, त्याच्या नजरेआड होतो आणि मग पुढे घुसतो. झोका लांब जातानाच निघणं म्हणतात ते हेच.

त्याचं घर फुटबॉलचंच. वडील लष्करात, आई आणि मावशी नेपाळच्या महिला संघातून खेळलेल्या. त्याचा जन्म सिकंदराबादचा, १९८४ चा. २००१ मध्ये क्वालालंपूरला आशियाई शालेय स्पर्धा खेळला आणि पुढच्या वर्षी, बारावीच्या वयात, थेट कोलकात्याचा मोहन बागान क्लब. शालेय स्पर्धेतून उचललेला पोरगा, हे या स्मरणिकेत मुद्दाम नोंदवतो, कारण आंतरशालेय सामन्यांना 'अभ्यासाचं नुकसान' म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. २००५ मध्ये क्वेट्ट्याला पाकिस्तानविरुद्ध तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि त्यातच गोल केला.

त्या काळात मी मुंबईत होतो. तालमीच्या संघातून खेळत खेळत एका सरकारी कंपनीत स्पोर्ट्स कोट्यातून चिकटलो होतो. सकाळी कूपरेज मैदानावर प्रॅक्टिस, दुपारी ऑफिसात हिशोबाचं लेजर, मुंबईच्या हार्वूड लीगची मॅच असेल त्या दिवशी हाफ डे. आमच्या पिढीच्या महाराष्ट्रातल्या फॉरवर्डचं करिअर म्हणजे हेच, आणि त्याची मला अजिबात खंत नाही; त्या नोकरीवर घर उभं राहिलं. पण आम्ही गोल करून परमनंट व्हायचो, आणि परमनंट झालो की गोल कमी व्हायचे. ऑफिसात कुणी काही बोलायचं नाही.

छेत्रीचा एक क्लबही आमच्याच जातीचा होता. मोहन बागाननंतर तो पंजाबात फगवाड्याला जेसीटीकडे गेला, आणि जेसीटी म्हणजे कापड गिरणीचा संघ. पुढे ईस्ट बंगाल, मग गोव्यात डेम्पो, आणि २००९-१० ला डेम्पोबरोबर आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, जिंकली. असे कंपन्यांचे संघ किती टिकले बघा. आपल्या मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद पडला, जेसीटी २०११ ला. फॉरवर्ड फॉर्मात असून काय उपयोग, क्लबच उद्या असेल की नाही याची खात्री नव्हती.

परदेशाचा त्याचा हिशोब मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्याबद्दल कुणी बॅनर लावत नाही. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी त्याचं जमलं होतं. पण भारताचं फिफा रँकिंग पहिल्या सत्तरात नाही म्हणून वर्क परमिट मिळालं नाही. म्हणजे खेळाडू चालतो, त्याचा देश चालत नाही! २०१० ला अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे गेला. तिथे अधिकृत सामना जेमतेम एक, शिवाय मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात बदली खेळाडू म्हणून काही मिनिटं. २०१२ ला पोर्तुगालच्या स्पोर्टिंगने घेतलं आणि 'ब' संघात ठेवलं. तिथेही मोजकेच सामने. २०१३ ला तो उसन्या करारावर गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडे आला, आणि त्या मोसमात आय-लीग चर्चिलने जिंकली. मग नव्यानेच निघालेल्या बंगळुरू एफसीत गेला, आणि पहिल्याच वर्षी लीग त्यांची. बाकावर एवढा काळ बसल्यावर चांगले चांगले फॉरवर्ड गोलसमोर घाबरे होतात, पास द्यायला लागतात. हा माणूस मारतच राहिला.

मुंबईकरांनी त्याला थोडा काळ आपला म्हणून पाहिला. २०१५ मध्ये मुंबई सिटीकडून नॉर्थईस्टविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, इंडियन सुपर लीगमधली, म्हणजे आयएसएलमधली, भारतीय खेळाडूची पहिली. मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील, म्हणजे नाव कोल्हापूरच्याच माणसाचं. एवढा अभिमान आम्ही फुकटात घेतो.

आणि मग अंधेरी. जून २०१८, इंटरकॉन्टिनेंटल कप. १ तारखेला भारताने चायनीज तैपेईला पाच शून्यने हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि पाहायला माणसं अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला : शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये येऊन करा. कर्णधाराला प्रेक्षकांसाठी हात जोडावे लागतात, हे आम्हा कोल्हापूरकरांना समजायलाच वेळ लागला. आपल्याकडे तालमीच्या मॅचला भिंतीवर चढून बसतात. ४ तारखेला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता आणि तिकिटं संपली. मी ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्यांबरोबर गेलो. पाऊस असा की मैदानाची पलीकडची बाजू दिसेना. पहिल्या हाफमध्ये चेंडू पाण्यात रुतत होता. दुसऱ्या हाफमध्ये छेत्रीची पेनल्टी, लगेच जोडीचा फॉरवर्ड जेजे याचा गोल, आणि अगदी शेवटी, नव्वद मिनिटं उलटल्यावर, पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून छेत्रीने चेंडू अलगद उचलून टाकला. माझ्या शेजारचे निवृत्त ऑफिस सुपरिंटेंडंट छत्री फेकून नाचले. ती छत्री परत मिळाली नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध शून्य-शून्य खेळून छेत्री आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाहेर पडला. १५१ सामने, ९४ गोल. आणि मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावं लागलं. वय चाळीस. १९ मार्चला शिलाँगला मालदीवविरुद्ध तो उतरला आणि त्याने गोल केला. अर्थात हेडर. त्याच सामन्यातला पहिला गोलही हेडरच होता, आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा. भेके म्हणजे २०१९ ची आयएसएल फायनल अंधेरीतच जादा वेळात डोक्याने जिंकून देणारा स्टॉपर. टाळ्या मीही वाजवल्या. पण एवढ्या मोठ्या देशाला चाळिशीतला फॉरवर्ड परत का आणावा लागला?

कारण मधल्या काळात आपण ती जागाच भाड्याने दिली. आयएसएल सुरू झाली तेव्हा अकरांत सहा परदेशी खेळायचे. मग पाच झाले, २०२१ पासून चार. संख्या घटली, तरी क्लब पहिला परदेशी कुठे लावतो? नऊ नंबरला, म्हणजे सेंटर फॉरवर्डला. भारतीय पोरगा विंगला सरकतो. खुद्द छेत्री बंगळुरूत, व्हेनेझुएलाचा मिकू मधोमध खेळत असताना, डावीकडून खेळला, आणि तिथूनही २०१७-१८ ला १४ गोल केले, मिकूचे १५. तो छेत्री होता म्हणून जमलं. बाकीचे विंगर होऊन विंगरच राहिले.

दिल्ली-कोलकात्याला नावं ठेवून आपण सुटत नाही. आपल्या तालमीसुद्धा मोसमासाठी नायजेरियातून खेळाडू आणतात. ते चांगले खेळतात, पेठेत मिसळतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांनाही उभं कुठे करतात? मध्ये, पुढे. पेठेतलं पोरगं दोन मॅचमध्ये गोल करत नाही म्हणून बाहेर, आणि तिसऱ्या मॅचला पाहुणा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत खेळला तेव्हा पेठांनी भांडण विसरून टीव्ही लावले होते. तशी आणखी पोरं इथून निघतील, पण त्यांना चुकायला मोसम तर मिळायला हवा.

मी नववीत असताना आमचा संघ सलग हरत होता आणि मी समोरचा गोल सोडून बाहेर मारत होतो. संघ बदला म्हणून शिष्टमंडळ शाळेत आलं. सरांनी सगळ्यांना चहा पाजला आणि पुढच्या मॅचला मलाच खेळवलं. मी त्यातही गोल केला नाही. त्याच्या पुढच्या मॅचलाही मीच होतो.

सुवर्णमहोत्सवी निधीतून मैदानाला नवे गोलपोस्ट आणि जाळ्या बसणार आहेत, त्यात माझा वाटा मी पाठवला आहे. सोबतच्या चिठ्ठीत एक अट घातली : शाळेच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड एकदा निवडला की मोसमभर बदलायचा नाही, गोल होवोत न होवोत. मुख्याध्यापकांचा फोन आला. "अहो, पालक ऐकत नाहीत," म्हणाले. मी त्यांना म्हटलं, चहाचा खर्चही माझ्याकडे लावा.