उघडली तिचे पैसे मिळाले

स्टिअरिंगच्या मधलं कव्हर जसंच्या तसं होतं. माझं लक्ष आधी तिकडे गेलंच नाही, हे कबूल करून टाकतो. गाडी समोरून ठोकलेली, बोनेटची घडी, रेडिएटर आत दाबलेला. शेजारच्या सीटपुढचा डॅशबोर्ड फाटून एअरबॅग बाहेर लोंबत होती, तिच्यावरची पांढरी पूड सीटभर सांडलेली. इतकं सगळं डोळ्यासमोर असताना न फाटलेल्या वस्तूकडे कोण बघतो?

मी वाहन विम्याचे सर्व्हे करतो. लोकांना वाटतं आम्ही पोचे मोजतो. खरं काम वेगळंच असतं: हे या ठोकरीचं, ते आधीचं, एवढं ठरवणं. सगळी भांडणं याच एका वाक्यावरून होतात.

वर्कशॉपचं एस्टिमेट तयार होतं. मालकीण तिशीची, खालच्या ओठाला टाके, पुढचे दोन दात अर्धे तुटलेले. सोबत वडील. ठोकर बसली तेव्हा शेजारच्या सीटवर तेच होते आणि त्यांना हाताला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. एस्टिमेटचा आकडा बघून ते म्हणाले, "एका फुग्याचे एवढे?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. फुगा हा त्यातला एकच भाग. डॅशबोर्डला आतल्या बाजूने एक कमकुवत रेघ दिलेली असते. वरून हात फिरवला तरी कळत नाही, पण एअरबॅग त्याच रेघेवर फाडून बाहेर येते. फाटलेला डॅशबोर्ड शिवता येत नाही आणि शिवूही नये, कारण पुढच्या वेळी तो कुठे फाटेल याचा भरवसा राहत नाही. बाहेर येताना ती काचेवर आपटते, म्हणून काच गेली. सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरमध्येही बारकासा स्फोटक असतो. तो उडाला की पट्टा आपल्याला सीटवर आवळतो आणि त्यानंतर तो रीळ निकामी. पुढचे सेन्सर बदलायचे. आणि सगळ्याचं डोकं म्हणजे कंट्रोल युनिट, ते बरेच उत्पादक एकदा एअरबॅग उडाल्यावर बदलायलाच सांगतात. त्यातली अपघाताची नोंद पुसून तेच युनिट परत बसवून देणारे लोक आहेत. त्यांचं काम स्वस्त असतं आणि मला ते अजिबात आवडत नाही. ही सगळी बेरीज होते म्हणून जुन्या गाड्या इंजिन सुरू होत असताना, दारं नीट लागत असताना टोटल लॉसमध्ये जातात, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून मोडीत धरल्या जातात, आणि मालक आमच्या नावाने बोटं मोडतात.

"मग विमा देणार ना?"

देणार. एअरबॅगसाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असला की अपघातात उडालेली एअरबॅग त्यातच धरली जाते. घसारा आणि आपल्या वाट्याची रक्कम पॉलिसीत लिहिली असेल तशी कापून. नुसती थर्ड पार्टी असेल तर खिशातून, नाहीतर चूक ज्याची त्याच्या विम्याकडून. ठोकरच नसताना उडाली तर तो गाडी बनवणाऱ्याचा प्रश्न. हे मी झोपेतही सांगू शकतो.

काकांनी वाचलेलं बरंच होतं. म्हणाले, ते जपानी टाकाटा कंपनीचं प्रकरण झालं होतं ना, मग हिची उघडली नाही ती तशीच सदोष असेल. तेव्हा मी पहिल्यांदा स्टिअरिंगकडे नीट पाहिलं. त्यांना म्हटलं, टाकाटाचा दोष उलटा होता. त्यांच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे फुगा भरणाऱ्या डबीतलं, अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडायचं, मग एअरबॅग उघडताना डबीच फुटून धातूचे तुकडे माणसाला लागायचे. कंपनीने 2017 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. असल्या रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनी स्वतःच सदोष गाड्या परत बोलावते तेव्हा, पार्ट फुकट बदलून मिळतो, विम्याचा संबंध येत नाही. पण तुमच्या मुलीच्या गाडीत काही फुटलेलं नाही. काहीच झालेलं नाही.

आणि बोलता बोलताच मला ते खटकलं. समोरून बसलेल्या ठोकरीत शेजारची उघडते आणि चालवणाऱ्याची उघडत नाही?

स्कॅनर लावून युनिटमधली नोंद वाचली. युनिटच्या मते त्याने दोन्ही एअरबॅग उडवल्या होत्या. दोन्ही सर्किट ठोकरीपर्यंत ठीक, एकही जुना फॉल्ट नाही.

वर्कशॉपमध्ये एक जुने टेक्निशियन आहेत. एअरबॅगचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत आणि मला त्यांचं तेच पटतं. न उडालेली एअरबॅग म्हणजे हातातला सुतळी बॉम्ब, असं ते पोरांना सांगतात. त्यांनी बॅटरीची वायर काढली आणि घड्याळ बघत थांबले. युनिटच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी तुटल्यावरही एअरबॅग उडवण्यापुरती वीज उरते, ती जिरायला काही मिनिटं द्यावी लागतात. ते थांबले असताना एक पोरगा मल्टिमीटर घेऊन आला. त्याला असे झापले की तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मीटरच्या करंटनेसुद्धा उडू शकते, म्हणून तिथे मीटर लावायचा नसतो. मग चेहरा एका बाजूला वळवून, हात लांब करून, त्यांनी कव्हर सैल केलं. ते सहज येईना. कडेने चिकट सीलंट लावलेलं होतं. तेव्हाच ते माझ्याकडे बघून "साहेब" एवढंच म्हणाले.

कव्हरच्या मागे पिवळं फडकं होतं. गाडी पुसायचं. नीट चौकोनी घडी घालून ठेवलेलं, दाबलं तर कव्हर पोकळ वाजू नये म्हणून. पिवळ्या कनेक्टरच्या दोन पिनांत एक रेझिस्टर खोचलेला, वरून इन्सुलेशन टेप. तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठा.

युनिट दर वेळी गाडी सुरू करताना एअरबॅगच्या सर्किटमधून अगदी थोडा करंट सोडून तपासतं. तिथे दोनेक ओहमचा रोध सापडला की एअरबॅग जागेवर आहे असं समजून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझवतं. कुणीतरी त्याला दोनेक ओहमचा रेझिस्टर दाखवला होता. ठोकरीच्या क्षणी युनिटने आपलं काम चोख केलं, फुगा पेटवायचा करंट सोडला आणि तो या दाण्यातून निघून गेला. रेझिस्टर मी भिंगाखाली पाहिला. रंगाच्या पट्ट्या स्वच्छ, काळा डागसुद्धा नाही. ठोकर लागल्यापासून एअरबॅग भरेपर्यंत साधारण 50 मिलिसेकंद जातात, पापणी लवायला त्याच्या दुपटीहून जास्त. तेवढ्यात काकांच्या पुढे फुगा आला आणि त्यांच्या मुलीच्या पुढे काही आलं नाही. पट्टा लावला होता म्हणून दातांवर निभावलं.

गाडी तिने सेकंडहँड घेतली होती. घेताना एका मेकॅनिकला दाखवली होती, त्याने इंजिनाचा आवाज ऐकला आणि रंगावरून हात फिरवला. सगळे तेच करतात.

तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिने फडकं हातात घेतलं, उलगडलं, परत घडी घातली. ओठामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं.

"म्हणजे उघडली तिचे पैसे मिळणार आणि नव्हतीच तिचे नाही?"

"हो. ती या अपघातात गेलेली नाही, मॅडम. आधीच नव्हती."

"ते मला कसं कळणार होतं, सर?"

दिवा लागत होता, विझत होता. तिला कळणार नव्हतं. मलाही शेजारची एअरबॅग उघडली नसती तर कळलं नसतं.

क्लेम बघणाऱ्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, स्टिअरिंग उघडायचं कारण काय होतं, फाईल उगाच वाढली. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना महिन्याअखेरीला फाईली मोजून दाखवायच्या असतात. माझ्या आग्रहावरून त्यांनी गाडीचा जुना क्लेम काढून दिला. आधीच्या मालकाच्या वेळचा, समोरूनच ठोकर, दोन्ही एअरबॅगचं बिल पूर्ण मंजूर. शेजारची खरंच बसवली होती, दुसरीचे पैसे कुणीतरी खाल्ले. सोबत री-इन्स्पेक्शनचा, म्हणजे दुरुस्तीनंतरच्या तपासणीचा, रिपोर्ट. त्यात फोटो दोन: स्टिअरिंगचं नवंकोरं कव्हर आणि दिवा विझलेलं मीटर. खाली सर्व्हेअरची सही.

सही माझी नव्हती. ते मी सगळ्यात आधी बघितलं, आणि तसं बघितल्याचं मला आवडलेलं नाही. कारण री-इन्स्पेक्शनला मीही हेच दोन फोटो काढत आलोय. बिल बघायचं, कव्हर बघायचं, चावी फिरवायची. कव्हरमागे हात घातलेला मला एकदाही आठवत नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: चालकाची एअरबॅग, नुकसान पूर्वीचे, या अपघाताशी संबंध नाही. वाक्य बरोबर आहे, आजही त्यात मी काही बदलणार नाही. खाली जुन्या क्लेमच्या चौकशीची शिफारस जोडली. पोच आली, पुढे काही आलं नाही. गाडी विकणाऱ्याने हात वर केले. चालकाच्या एअरबॅगचे पैसे तिने स्वतः भरले.

गाडी तयार झाल्यावर री-इन्स्पेक्शनला गेलो. बसवण्याआधीच जायचं असं या वेळी ठरवून गेलो. सील असलेला खोका समोर उघडायला लावला, मागच्या लेबलवरचा नंबर बिलाशी जुळवला, कनेक्टर बसताना फोटो काढला. टेक्निशियनकाका गालात हसत होते. मग मॅडमनी आत बसून चावी फिरवली. दिवा लागला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे. पाच-सहा सेकंदांनी तो विझला, आधी दोन वर्षं रोज विझत होता अगदी तसाच.