विमान शिकताना आधी पाय शिकवावे लागतात

फ्लाइंग शिकतेय म्हटलं की सगळे विचारतात, ते हँडल ओढलं की विमान वर जातं ना? जातं की, पण त्याच वेळी पाय काय करतायत हे बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि माझं मत विचाराल तर सुरुवातीचं निम्मं शिक्षण पायांचंच असतं.

आम्ही बारामतीला सेसना १७२ वर शिकतो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, समोरचं योक, म्हणजे तेच हँडल, कितीही फिरवा, विमान वळत नाही, ते वळतं पायाखालच्या रडर पेडलने (रडर म्हणजे शेपटीवरचा उभा हलणारा भाग), आणि ब्रेकसुद्धा त्याच पेडलच्या वरच्या भागावर असतात. त्यामुळे टाचा खाली टेकवून ठेवायच्या, नाहीतर वळता वळता ब्रेक दाबला जातो. स्पीड भरभर चालणाऱ्या माणसाएवढाच. हातांना मात्र सुट्टी नाही, वारा समोरून तिरका असेल तर योक वाऱ्याच्या बाजूला, मागून तिरका असेल तर पुढे ढकलून वाऱ्याच्या उलट बाजूला, कारण मागून वारा पंखाखाली शिरला तर हे हलकं विमान तो उचलू शकतो.

या सगळ्याआधी वॉकअराउंड, म्हणजे विमानाभोवती फिरून तपासणी, असतो आणि तो मला मनापासून आवडतो. आमच्या मॉडेलमध्ये १३ ठिकाणांहून थोडं थोडं फ्युएल काढून उजेडात धरून बघायचं, अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, फिकट निळं असतं, पाणी असेल तर ते तळाशी जाऊन बसतं आणि वेगळं दिसतं. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटंसं भोक आहे, स्टॉल वॉर्निंगचं; स्टॉल म्हणजे पंखावरची हवा सुटते आणि पंख विमानाला नीट उचलून धरू शकत नाही. त्यात वीज वगैरे काही नाही, विमान स्टॉलच्या जवळ आलं की तिथला दाब कमी होतो, भोकातून हवा बाहेर ओढली जाते आणि आतली पट्टी पेटीच्या सुरासारखी वाजते. ते भोक किडा-मातीने बुजलेलं नाही ना हे मी रोज वाकून बघते.

रनअपला, म्हणजे टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीत, १८०० आरपीएमवर दोन्ही मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) एकेक करून तपासायचे, आरपीएममधला ड्रॉप १५० च्या आत हवा. मग लाइनअप, म्हणजे रनवेवर जाऊन सरळ उभं राहायचं.

टेकऑफला फुल पॉवर दिली की नाक डावीकडे जायला लागतं, कारण प्रोपेलरची हवा गोल फिरत शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि इंजिनाचा टॉर्क असतोच. म्हणून इन्स्ट्रक्टर सरांचा जप, राईट रडर, राईट रडर! ५५ नॉट्सला नाक उचललं तरी तो पाय सोडायचा नाही, उलट क्लाइंबमध्ये जास्तच लागतो.

वर गेल्यावर वळणं. डावीकडे वळायला योक डावीकडे फिरवलं की उजव्या पंखावरची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, वाढते पण ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा जोर, तोही वाढतो, आणि नाक क्षणभर चक्क उजवीकडे खेचलं जातं! तेव्हा योकबरोबरच डावा पाय द्यायचा. समोर काचेच्या नळीत एक काळी गोळी असते, ती ज्या बाजूला पळेल त्या बाजूचा पाय दाबायचा, बस्स. स्टीप टर्नमध्ये ४५ अंश कललेलं असताना विमानावर दीडपटीच्या आसपास भार येतो आणि स्टॉल स्पीडही साधारण १९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जो वेग सरळ उडताना सेफ असतो तो तिथे सेफ असेलच असं नाही.

आणि स्टॉल. पॉवर कमी, नाक वर, ती पट्टी वाजायला लागते, मग एखादा पंख खाली पडतो. हात लगेच योक उलट्या बाजूला फिरवायला धावतो आणि नेमकं तेच करायचं नाही, खाली गेलेल्या पंखाचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा, योकने हलणारा भाग) खाली आलं की तो पंख अजून खोल स्टॉलमध्ये जातो, तिथून स्पिन, म्हणजे गोल फिरत खाली पडणं, लांब नाही. आधी योक पुढे, वळणं थांबवायला उलटा रडर, मग पॉवर.

सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्सला, उड्डाणाचे २०० तास लागतात म्हणून बरेच जण तास मोजत पळतात. मला वाटतं हे पाय पक्के झाल्याशिवाय पुढे घाई करू नये, कारण पुढे क्रॉसविंड लँडिंग, म्हणजे आडव्या वाऱ्यातलं लँडिंग, आहे, तिथे पंख वाऱ्याकडे झुकवून उलट्या रडरने नाक रनवेच्या मधल्या रेषेवर, सेंटरलाइनवर, धरायचं असतं, आणि वाऱ्याकडचं चाक आधी टेकवायचं असतं.