पावती पैशांची असते, घराची नाही

पालिकेच्या करसंकलन विभागात मी बावीस वर्षं खिडकीमागे बसले. निवृत्त झाले तरी नात्यातले, ओळखीतले लोक अजून फोन करतात, आणि विचारतात ते बहुतेक वेळा एकच: "घरपट्टी मीच भरतोय, मग घर माझ्या नावावर झालं ना?"

हा प्रश्न आला की मला एक मावशी आठवतात. दुपारी रांग ओसरल्यावर त्या आल्या आणि पिशवीतून रबर लावलेला गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. एकोणतीस वर्षांच्या पावत्या, वर्षाच्या क्रमाने लावलेल्या. जुन्या पावत्यांवरची कार्बनची शाई पार फिकी झाली होती. दिराने घरावर हक्क सांगितला होता. "मॅडम, एकही वर्ष चुकवलं नाही. हे गेल्यावरसुद्धा नाही," असं म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बिलावर नाव अजूनही सासऱ्यांचंच होतं.

मला त्यांना खरं सांगावं लागलं. घरपट्टीची पावती म्हणजे कर जमा झाल्याचा पुरावा. पालिका कर कोणाकडून घ्यायचा एवढंच बघते, मालक कोण हे ती ठरवत नाही. सातबाऱ्यावरच्या फेरफाराचं, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचंही तेच. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली स्पष्ट केलं आणि नंतरही तेच म्हटलं आहे. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसाहक्काने. याची दुसरी बाजू मी मावशींना लगेच सांगितली, कारण तोवर त्यांचा चेहरा उतरला होता. बिलावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. घर सासऱ्यांनी स्वतः घेतलेलं होतं, ते मृत्युपत्र न करता गेले होते, आणि त्यांच्यानंतर मावशींचे यजमान. म्हणजे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने यजमानांचा हिस्सा मावशींकडे आणि त्यांच्या मुलीकडे आलेला होता. एकही पावती नसती तरी तो आलाच असता. पावत्या वाया गेल्या असं मात्र नाही. इतकी वर्षं ताबा कोणाचा आणि खर्च कोणी केला, हे दाखवायला त्या कामी येतात.

मग बिलावर नाव लावायची घाई कशाला, असं लोक विचारतात. घाई करावीच, असं मी म्हणेन. गेलेल्या माणसाच्या नावाने नोटिसा येत राहतात आणि त्या कोणी उघडत नाही. महाराष्ट्रातल्या महापालिकांत थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. थकबाकीचा बोजा त्या मिळकतीवरच असतो, त्यामुळे घर विकायला निघालात की तो पुढे येऊन उभा राहतो. आणि भावंडांतल्या कोणाला हिस्सा सोडायचा असेल, तर साध्या कागदावरच्या सह्या पुरत नाहीत. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं.

आयकराच्या बाबतीत मात्र चूक माझ्याच घरात झाली. वडील नोव्हेंबरमध्ये गेले. त्यांना पेन्शन होती, ठेवींवर व्याज होतं. माणूस गेला, तिथे पॅनचा विषयही संपला असं मी धरून चालले. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने विवरणपत्राबद्दल विचारणा आली आणि आईने ते पत्र माझ्या हातात ठेवलं. तिला भीती ही, की आता हे आपल्या दागिन्यांवर येणार का? 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 159 मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. मृत व्यक्तीच्या कराची जबाबदारी कायदेशीर वारसावर येते, पण वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. त्यापलीकडे स्वतःच्या खिशातून काही द्यावं लागत नाही. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. आयकर विभागाच्या पोर्टलवर मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा देऊन वारस म्हणून नोंदणी करायची. मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न वडिलांच्या पॅनवर, त्यानंतरचं व्याज वारसांच्या. व्याजावर जास्तीचा टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापून घेतलेला कर, कापला गेला असेल, तर तोही या विवरणपत्राशिवाय परत मिळत नाही.

वारशाने घर मिळालं यावर कर नाही. मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा इस्टेट ड्युटी हा कर 1985 मध्येच रद्द झाला. कर येतो तो पुढे घर विकताना, आणि तेव्हा वडिलांनी ज्या किमतीला ते घेतलं ती किंमत तुमची खरेदी किंमत धरतात, त्यांच्या मालकीचा काळही तुमच्यात मोजतात. 1 एप्रिल 2001 पूर्वीचं घर असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. म्हणून जुनं खरेदीखत जपा. पावत्यांपेक्षा ते मोलाचं आहे.

घर भाड्याने दिलं असेल, तर घरपट्टी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, पण मालकाने आणि त्याच वर्षी प्रत्यक्ष भरलेली असेल तरच. वर्षाचं भाडं 2,40,000 आणि घरपट्टी 12,000 भरली, तर उरले 2,28,000. त्यातून 30 टक्के सरसकट वजावट, म्हणजे 1,59,600 वर कर. भाडेकरूने परस्पर भरलेली घरपट्टी यात धरता येत नाही, हे करार करताना लक्षात ठेवा.

त्या मावशी दीड वर्षाने पुन्हा खिडकीशी आल्या, या वेळी मुलीला आणि दिराला घेऊन. बिलावर तिघांची नावं लावायची होती. अर्ज घेतला, त्या वर्षीची घरपट्टी तिघांनी वाटून भरली, आणि मावशींनी नवी पावती त्याच रबराखाली सरकवली.