अकरा ओव्या आणि एक तारा

२३ डिसेंबर, रात्री साडेदहा

आजपासून नाताळची सुट्टी. घरी पोचायला साडेसात वाजले. कोलवाळच्या पुलावर गाड्यांची रांग होती, बस मुंगीच्या पावलाने सरकत होती. खाली शापोरा नदी काळोखात दिसत नव्हती, पण पलीकडच्या काठावरच्या घरांत लागलेले नाताळचे कागदी तारे पाण्यात हलताना दिसत होते. मांडीवर पिशवी होती. पिशवीत दहावीच्या नऊजणांच्या वह्या, शिपाईमामांनी आग्रहाने दिलेलं स्टीलचं झाकणाचं ताट, आणि कामटीचा एक वीतभर तुकडा. तो तुकडा का आणला, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

आधी शाळेच्या चार बातम्या. चाचणीचे निकाल काल लागले. आठवीचं गणित यंदाही दुखणंच आहे, पालकसभेत अर्धा तास त्यावरच गेला. दहावीची पूर्वपरीक्षा सुट्टीनंतर लगेच, त्यामुळे मुलांच्या सुट्टीला सुट्टी म्हणावं की नाही हा प्रश्नच आहे. १९ डिसेंबरला मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं. १९६१ साली ज्यांनी तो दिवस बघितला असे वाड्यावरचे एक आजोबा येऊन बोलले. पाचवीची मुलंसुद्धा गप्प बसून ऐकत होती. आणि पुढच्या वर्षी मराठी घेणाऱ्यांची यादी आली आहे. यंदा दहावीला नऊ आहेत, पुढच्या वर्षी सहा. एवढंच लिहिते, आज त्या आकड्यावर थांबायचं नाही.

डिसेंबर आमच्या शाळेत पळतो. ३ तारखेला जुन्या गोव्याचं सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना, ८ तारखेला पणजीच्या देवळाचं म्हणजे चर्चचं फेस्त. तेवढ्यात मधूनच चाचणीचे पेपर, मग मुक्तिदिन, मग नाताळचा कार्यक्रम. ख्रिसमस फ्रेंडच्या चिठ्ठ्या पहिल्या आठवड्यातच काढतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी आली त्याला गुपचूप छोट्या छोट्या भेटी ठेवायच्या आणि शेवटच्या दिवशी नाव सांगायचं. माझ्या बाकड्यावर तीन आठवडे कुणीतरी रोज एक आवळा ठेवत होतं. आज कळलं, सहावीतली एक मुलगी. तिच्या परसात आवळ्याचं झाड आहे आणि तिच्याकडे द्यायला तेच होतं. तिला जवळ घेतलं तेव्हा ती आधी घाबरली, मग हसली.

पण लिहायचं आहे ते ओव्यांबद्दल.

नाताळच्या कार्यक्रमात इंग्रजी कॅरल असतात, कोंकणी कांतारां म्हणजे गाणी असतात, हिंदीचं एखादं नाटुकलं असतं. मराठीच्या वाट्याला सूत्रसंचालनाच्या दोन-चार ओळी येतात. याआधी मी ज्या शाळेत होते तिथे एकदा मी मराठी गाणं बसवू का विचारलं होतं. ‘ते तुमच्या गणेशोत्सवात ठेवा’ असं उत्तर मिळालं, आणि ते अनेक वर्षं मनात सलत राहिलं. त्यामुळे नोव्हेंबरअखेरच्या बैठकीत कोंकणीच्या टीचर म्हणाल्या, ‘यंदा मराठीचं काय?’ तेव्हा क्षणभर माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मग म्हटलं, ‘फादर स्टीफन्सच्या ओव्या म्हणतो आम्ही.’ मॅनेजर फादरनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, ‘त्यापेक्षा चांगलं काय असणार?’

मुलांना सांगायला सोपं गेलं, कारण ही त्यांच्याच मातीतली गोष्ट. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला. तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते. पुढची चाळीस वर्षं तो इथेच राहिला, इथेच गेला. साष्टीच्या लोकांत राहून तो इथली भाषा शिकला आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठीत, ओवीत रचली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकायची सवय होती. ती सवय सुटली तर त्यांच्या जिवाला काय वाटेल, हे त्याला कळलं होतं. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं गेलं, आपण ज्याला रायतूर म्हणतो तिथे, आणि तेही रोमन लिपीत. हे ऐकून मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणजे आम्ही मेसेज लिहितो तसं, टीचर!’ अगदी तसंच. चारशे वर्षांपूर्वीचं मराठी आणि आजच्या मुलाच्या मोबाईलमधलं मराठी एकाच वेषात दिसावं, हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या मुलाला सुचलं.

गोठ्यातल्या जन्माच्या भागातून अकरा ओव्या निवडल्या. नऊजण आणि अकरा ओव्या, पहिली आणि शेवटची सगळ्यांनी मिळून म्हणायची. मी चाल लावली ती आमच्या घरी पारायणाला ज्ञानेश्वरी वाचतात त्या वळणाची. तीन दिवस सराव केला. शुद्ध, स्पष्ट, आणि निर्जीव. मुलं उभ्या उभ्या परीक्षेचं पाठांतर म्हणत आहेत असं वाटायचं. चौथ्या दिवशी सरावानंतर एक मुलगा थांबला. अबोल आहे, वर्गात हात कधी वर करत नाही. म्हणाला, ‘टीचर, आजी जात्यावर म्हणते तशी म्हटली तर चालेल?’ म्हटलं, म्हणून दाखव. त्याने खिडकीकडे तोंड करून एक ओवी म्हटली.

ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. माझ्या चालीत तो आखूड चरण पायरी चुकल्यासारखा अचानक संपायचा. त्याने तो लांबवला. शेवटचं अक्षर धरून ठेवलं, जात्याचा खुंटा ओढून आपल्याकडे घ्यायला लागतो तेवढा वेळ, आणि मग पुढची ओवी उचलली. मी वीस वर्षं ओवी शिकवते आहे. ‘साडेतीन चरणी’ म्हणून फळ्यावर लिहिते. तो उरलेला अर्धा चरण कशासाठी असतो, हे मला त्या दिवशी कळलं. हाताला दम खायला.

त्याच मुलाने ताराही केला. आमच्याकडे दर वर्षी गटागटांची ताऱ्यांची स्पर्धा असते, बरेच जण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तयार सांगाडा आणतात आणि वर कागद चिकटवतात. हा म्हणाला, आम्ही दिवाळीत आकाशकंदील घरीच करतो, नरकासुराचा सांगाडाही वाड्यावर आम्हीच बांधतो, तारा विकत कशाला? शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून त्याने काम केलं आणि मी शेजारी वह्या तपासत बसले. वह्या कमी तपासल्या, त्याचे हात जास्त बघितले.

बांबूच्या कामट्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घातल्या होत्या. आतला पांढरा गर कोयत्याने तासून काढला. गर राहिला तर कामटी वाकताना फाटते. पाच सारख्या कामट्या एकावर एक तिरप्या ठेवून टोकं सुतळीने बांधली, की सपाट तारा होतो. तसे दोन केले. दोन्हींची पाचही टोकं एकमेकांना बांधली. आता खरी गंमत. आतल्या बाजूला कामट्या एकमेकांना छेदतात अशा पाच जागा असतात, तिथे दोन ताऱ्यांच्या मध्ये चार बोटांची एक एक काडी उभी अडकवायची. पहिली काडी बसली तेव्हा काही फरक दिसला नाही. तिसऱ्या काडीला सांगाडा कुरकुरला. पाचवी बसली आणि सपाट पडलेला तारा श्वास भरून घ्यावा तसा फुगून उभा राहिला. मी मोठ्याने ‘अरे!’ म्हणाले. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला.

तरी एक टोक कलंडत होतं. त्याने चाचपून बघितलं आणि म्हणाला, ‘पेर आलं टोकात.’ बांबूचं पेर ताठ असतं, ते टोकाशी आलं तर तिथे कामटी बाकीच्यांसारखी वाकत नाही. सगळं चांगलं दिसत होतं, मी म्हटलं राहू दे. त्याने राहू दिलं नाही. दोन गाठी सोडल्या, कामटी काढली, नवी घातली. काढलेल्या कामटीचा पेराकडचा तुकडा म्हणजे माझ्या पिशवीत आहे तो. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. पांढरा पतंगी कागद, टोकांना लाल. खालचा एक त्रिकोण उघडा ठेवला, दिवा आत घालायला.

गोठा यंदा नववीने केला. भाताचा पेंढा एकीच्या शेतातून आला, शेवाळ विहिरीच्या कठड्यावरून. दहा दिवस आधी परातीत माती घालून नाचणी पेरली होती. परवा ती बोटभर हिरवीगार वर आली आणि त्यांनी परात उचलून गोठ्यापुढे कुरण म्हणून ठेवली. एक मुलगी बघत राहिली आणि म्हणाली, ‘टीचर, हें आमचें रुजवण.’ तिच्या घरी नवरात्रात घटाखाली पेरतात ते. पाणीही ती त्याच पद्धतीने घालत होती, ओंजळीतून, थेंब थेंब, बोटं न लावता. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आज कार्यक्रम झाला. पटांगणात मांडव, वर माडाच्या झावळ्या. पाचवीच्या मुलांचे मेंढपाळ झाले, त्यातल्या एकाच्या डोक्यावरचा टॉवेल सारखा डोळ्यांवर यायचा आणि त्याला समोरचा देवदूतच दिसत नव्हता. इंग्रजी कॅरल फारच सुरेख झाली. मग आमची पाळी. नऊजण खाली मांडी घालून बसले. उभं राहून म्हणायचं नाही, हा त्या मुलाचाच हट्ट. पेटी नाही, तबला नाही. पहिली ओवी संपताना शेवटचं अक्षर त्यांनी धरलं आणि मांडवातली कुजबूज थांबली.

त्याची आजी आली होती. शेवटच्या रांगेत कडेला, नऊवारी नीट आवरून, खुर्चीच्या टोकावर बसलेली. मी बाजूच्या खांबाशी उभी होते म्हणून मला दिसलं. तिसऱ्या ओवीपासून तिचा उजवा हात गुडघ्यावर फिरू लागला. गोल, सावकाश, आखूड चरण आला की थोडा ओढून. बघणाऱ्याला वाटलं असतं गुडघा चोळते आहे. शब्द तिच्या ओळखीचे नसणार, येशूच्या जन्माच्या ओव्या तिने कधी म्हटल्या असतील? पण हात चुकला नाही एकदाही. माझा गळा भरून आला आणि मी खांबाकडे तोंड केलं.

संपल्यावर टाळ्या झाल्या, मग कोंकणीच्या टीचर येऊन मला बिलगल्या. आमच्यात भाषेवरून वाद झालेले आहेत, स्टाफरूममध्ये आवाज चढलेले आहेत. आज त्या एवढंच म्हणाल्या, ‘आमची आजयबी अशींच म्हणटाली.’ त्यांची आजीही अशीच म्हणायची, ख्रिस्ती घरात, दळताना. मी काही बोलले नाही, त्यांचा हात धरून ठेवला.

ताऱ्याला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला आला तो खरोखरच देखणा होता, त्यात माडाच्या हिरांची जाळी विणली होती. पण फाटकावर टांगायला फादरनी आमचाच निवडला. वारा आला तरी पोटातून बसत नाही, म्हणाले. तिन्हीसांजेला दिवा लावला तेव्हा सगळी मुलं फाटकाबाहेर जाऊन रस्त्यावरून बघून आली.

निघताना आजी गोठ्यापाशी थांबली होती. पेंढा, गाय, गाढव, नाचणीचं कुरण, मरी, जुझे म्हणजे येशूचे आईवडील. मध्ये रिकामी गव्हाण. तिने नातवाला विचारलं, ‘बाळ खंय?’ त्याने तिला समजावलं, की बाळ अजून जन्मलेलं नाही, ते उद्या मध्यरात्रीच्या मिसनंतर आणून ठेवतात, तोवर गव्हाण रिकामीच असते. आजीने ते ऐकून घेतलं. मग वाकून गव्हाणीतला पेंढा हाताने सारखा केला, टोचणाऱ्या दोन काड्या वेचून बाजूला ठेवल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागली.

ताटात नेवऱ्या आहेत, दोदोल, चण्याचा दोस आणि शिपाईमामांच्या बायकोने केलेली बेबिंक, सात थरांची. मोजले. आमच्या घरची नेवरी चतुर्थीची, ही नाताळची. मुलांनी दोन्हींतलं खोबरं कुठलं जास्त भाजलेलं यावर अर्धा तास वाद घातला आणि तेवढ्यात ताट अर्धं झालं. ताट रिकामं परत द्यायचं नाही, सुट्टी संपली की तिळाचे लाडू घालून नेईन.

त्या मुलाने बस यायच्या आधी विचारलं, ‘टीचर, उद्या रातीं आजीला घेऊन आलो तर चर्चीत सोडतील?’ मी फादरना विचारून आले. म्हणाले, पुढच्या बाकावर जागा ठेवतो, फक्त थंडीचं काहीतरी अंगावर घ्यायला सांग. मुलाला तसं सांगितलं, आणि बाळ ठेवलं की मला फोन कर म्हटलं, कितीही वाजू देत.