शेरूचं गुरगुरणं
आज शेरू बाबांच्या अंगावर गेला. मनगटाला दात लागला, ओरखडा उठला. लगेच साबण लावून नळाखाली 15 मिनिटं हात धुतला, मग दवाखाना आणि इंजेक्शन. शेरूला लस दिलेली आहे, तरी रेबीजच्या बाबतीत हयगय नको.

बाबा फक्त त्याचा कान पुसत होते. तो आधी ताठरला होता, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. गेल्या आठवड्यात तर गुरगुरलाही होता, तेव्हा मीच त्याच्यावर खेकसले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी कान पाहिला, आत चांगलंच इन्फेक्शन! बिचारा दुखतंय म्हणून सांगत होता आणि आम्ही त्याला गप्प करत होतो.

आता कानात थेंब घालायचे ते मुसकं बांधूनच. संध्याकाळी तो दाराशी लांब बसला होता. बाबांनी हाक मारली नाही, नुसते जवळ जाऊन बसले.