तुम्ही विचारलंत म्हणून: गिटारचा प्रोसेसर आता घेऊ का थांबू?

"दादा, प्रोसेसर आता घेऊ का नवीन मॉडेल येईपर्यंत थांबू?" आर्णी, दारव्हा, दिग्रस, कुठकुठली पोरं हे विचारतात. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नाहीतर भीमजयंतीच्या कार्यक्रमात गिटार वाजवतो, दिवसा वावर पाहतो, एवढंच माझं क्वालिफिकेशन, पण पोरांना वाटतं याला माहीत असंल. प्रोसेसर म्हणजे गिटार ज्याला जोडायची तो डबा, ॲम्पचा (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा) आवाज आणि इफेक्ट आतूनच देणारा. तर घे बाबा, थांबू नको. काऊन ते जरा लांबलचक आहे.

थांबणं काय असतं ते आमच्या भागात कुणाला शिकवायची गरज नाही. 2022 ला कापूस दहा हजाराच्या वर गेला नं, तर पुढच्या हंगामात आणखी वाढंल म्हणून लोकांनी घरात भरून ठेवला, आमच्या पुढच्या खोलीत तर पार छताला टेकला होता, रात्रभर अंग खाजवत झोपायचं आणि सकाळी उठून भाव पाहायचा, तो काही वर गेला नाही, उलट खालीच येत गेला. पोरं म्हणतात, दादा, ते कापसाचं, प्रोसेसरचा भाव पडला तर आपला फायदाच आहे. हौ, आहे. पण तोपर्यंत वाजवणार कशावर?

आणि जी गोष्ट यायची वाट पाहून राहिले ती येऊन गेली, हे पोरांच्या ध्यानात नाही.

आधी थोडं मागचं. 1998 मध्ये लाईन 6 चा पॉड आला, राजम्याच्या दाण्यासारखा लाल डबा, मोठमोठ्या ॲम्पचा आवाज आत कोंबलेला. आज ऐकला तर हसू येतं पण तेव्हा भल्याभल्यांनी त्यावर रेकॉर्डिंगं केली. 2006 ला फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स आला, त्यात ॲम्पच्या सर्किटचं गणित मांडलेलं, भारी आणि महाग. मग 2011 मध्ये जर्मनीच्या क्रिस्तोफ केम्परनं, जो आधी व्हायरस नावाचा सिंथेसायझर बनवायचा, वेगळंच डोकं लावलं. सर्किट कशाला मोजायचं, तुमच्या ॲम्पमध्ये चित्रविचित्र टेस्टचे आवाज सोडायचे, बाहेर काय येतं ते मशीननं ऐकायचं आणि नक्कल करायची. 2015 ला लाईन 6 नं हेलिक्स काढला, 2021 ला हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स लोकांच्या हातात आला, 2022 ला आयके मल्टिमीडियाचा टोनेक्स. दर दोन-चार वर्षांनी नवा पैलवान आखाड्यात.

पण माझ्या मते खरा डाव मारला तो कंपनीनं नाहीच. स्टीव्हन ॲटकिन्सन नावाच्या माणसानं न्यूरल ॲम्प मॉडेलर, म्हणजे सगळे ज्याला नॅम म्हणतात तो, बनवला आणि कोड उघडा टाकून दिला, फुकट. तीनेक मिनिटांची एक टेस्टची फाईल असते, ती आपल्या ॲम्पमधून वाजवून रेकॉर्ड करायची, मग कॉम्प्युटर आत गेलेला आवाज आणि बाहेर आलेला आवाज यातला फरक शिकत बसतो, आणि शेवटी एक लहानशी फाईल हातात. घरी चांगला कॉम्प्युटर नसंल तर हे शिकवणं इंटरनेटवरच्या फुकटच्या मशीनवरही होतं. लोकांनी अशा हजारो फाईली टाकून ठेवल्यात. आता तर चिनी कंपन्यांचे तळहाताएवढे डबेसुद्धा या फाईली घेतात. म्हणजे ज्या आवाजासाठी कंपन्या पंधरा-वीस वर्षं झुंजल्या तो शेवटी मोबाईलवर ढकलता येईल अशी फाईल झाला!

आता उरली चढाओढ कशाची, तर टचस्क्रीन, किती बटणं, वायफाय, एका वेळी किती इफेक्ट चालतात. चांगलंच आहे ते, नाही कुठं म्हणतो, पण रात्री साडेअकराला गावच्या स्टेजवर त्यातलं काय लागतं? आणि जुनं होण्याची भीती म्हणाल तर ती मोबाईलच्या दुकानातली भीती आहे, ती इथं आणू नका. 2015 च्या हेलिक्सला पुढं नऊ-दहा वर्षं फुकट अपडेटमध्ये नवीन ॲम्प मिळत राहिले.

एक मात्र सांगून ठेवतो, फाईल म्हणजे फोटो. ज्या ठिकाणी गेनचं, म्हणजे आवाज किती फाटायचा ते ठरवणारं, बटण होतं त्याच ठिकाणचा आवाज. तुमच्या डब्यावरचं गेन फिरवलं तर मूळ ॲम्पचं बटण फिरल्यासारखं होत नाही, नुसतं आत जाणारं कमी-जास्त होतं. सर्किटचं गणित करणाऱ्या मशीनमध्ये ते बटण खरंच फिरतं. बस, एवढा फरक समजला तर पुष्कळ झालं.

आता आपल्याकडची गोष्ट. मागच्या एप्रिलात एका गावात कार्यक्रम, एका पोरानं नवाकोरा प्रोसेसर आणलेला, घरी महिनाभर मेहनत करून पॅच, म्हणजे साठवून ठेवलेले आवाज, बनवलेले. लाईन मिक्सरला दिली, गिटारवर पहिला पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारा एकदम) मारला आणि साउंडवाला तिथूनच ओरडला, "काऊन गा, गिटार आणली का डासं?" खरंच तसं वाजत होतं, कानात पिन टोचल्यावानी. पोरगं घामाघूम, त्यात रात्री आठलाही उकाडा मरणाचा. त्याला वाटलं मशीनच हलकं, वरचं मॉडेल घ्यायला पाहिजे होतं. मी वाकून पाहिलं तर कॅब सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या स्पीकर-पेटीची नक्कल, बंद! घरी तो छोट्या ॲम्पला जोडून वाजवायचा म्हणून बंद करून ठेवलेलं. गिटारचा बारा इंची स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ गिळून टाकतो, आणि आपल्या साउंडवाल्याच्या टॉपमधला (वरच्या स्पीकरमधला) बारीक आवाजाचा हॉर्न ते सगळं ओकून देतो, मग डिस्टॉर्शनची, म्हणजे फाटलेल्या आवाजाची, कचकच जशीच्या तशी पब्लिकच्या कानात. ती गाळायला कॅबिनेटची, म्हणजे स्पीकर-पेटीची, आयआर फाईल लागते, त्या पेटीच्या आवाजाचा ठसाच म्हणा. एक बटण दाबलं आणि गिटार गिटारसारखी झाली. साउंडवाल्यानं नुसती मान हलवली, आमच्याकडं ही मोठी दाद.

मी स्वतः याहून मोठी माती खाल्ली आहे. घाईत अडॅप्टर घरी राहिला, मंडपवाल्याच्या घरी वायफाय राउटरचा होता, पिन अगदी फिट बसली. राउटरचा बारा व्होल्टचा आणि मधली पिन प्लस, आपल्या पेडलला नऊ व्होल्ट पाहिजे आणि मधली मायनस. आवाज नाही, धूर नाही, फक्त दिवा लागला नाही तो नाहीच.

आणि "दादा, पण ओरिजनल ट्यूब ॲम्पची (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या ॲम्पची) बात वेगळी" म्हणणारे. आहे वेगळी, मी नागपुरात एकदा वाजवलाय, पायाखालची फळी थरथरते. पण फेंडरचा ट्विन रिव्हर्ब 29 किलोचा, तो पिकअपच्या मागं तबला-ढोलकीच्या पेटीशेजारी टाकून खड्ड्यांतून न्यायचा. नेलाही, तर रब्बीत संध्याकाळी विहिरीवरच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज 170 वर येतं, ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटला 6.3 व्होल्ट लागतात तिथं साडेचार-पावणेपाच पोचणार, मग कसला आला टोन. याउलट आजकालच्या अडॅप्टरवर वाचा, 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं. कंपनीनं हे भारतातल्या खेड्यासाठी केलं नाही हे मला कळतं, पण फायदा आपल्यालाच जास्त झाला. खुद्द फेंडरनं 2019 मध्ये त्याच ट्विनचा डिजिटल भाऊ काढला, वजन जवळपास निम्मं.

म्हणून मला विचाराल तर आयआर घेणारा, जमलं तर नॅमच्या फाईली घेणारा, सेकंडहँड असला तरी चालंल, असा डबा घ्या आणि वाचलेल्या पैशात मिक्सरपर्यंत जाणारी चांगली लांब केबल, एक डीआय बॉक्स (लांब केबलमध्ये खरखर येऊ नये म्हणून मधे लावायचा छोटा डबा). अर्थिंग मंडपवाल्याकडून आधीच तपासून घ्या, नाहीतर सगळ्या फाईली मिळून एकच सूर वाजवतात, घूंऽऽऽ.

ज्यानं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो दिग्रसकडचा पोरगा अजून थांबलेलाच आहे, दर महिन्याला नवीन व्हिडिओ पाठवतो. येत्या शनिवारी त्याला एका हळदीत वाजवायचं आहे, माझा जुना डबा मागितलाय. देणार आहे. अडॅप्टर मात्र डब्याला टेपनं चिकटवूनच देणार.